खिडकीत सगळं बरोबर होतं

४ फेब्रुवारी

ताई,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. आई म्हणते, तिचा राग जायचा तेव्हा जाईल, तू आपली खुशाली कळवत जा. खुशाली कळवण्यासारखी असती तर कळवली असती.

तुला जिथून काढलं त्याच कंपनीत मी नोकरी धरली, हे तुला लागलंय. मावसबहीण असून शत्रूच्या घरी जेवायला बसली, असं तू आईला म्हणालीस, तेही माझ्या कानावर आलं. पण बाबा गेल्यावर घरात कोणीतरी कमावतं हवं होतं. दगड कोरणाऱ्या यंत्रांचे प्रोग्राम सांभाळायचं काम मिळालं, मी घेतलं. तुझीच खुर्ची मिळाली आहे. तिचं एक चाक अजून अडकतं.

प्रोग्रामही तुझाच. आता मोठं काम आलंय, काळ्या दगडाच्या लाद्या आणि त्यावर नावंच नावं. कोणाची ते सांगता येत नाही, तशी सही दिली आहे. काल साहेबांनी मला डीबगर उघडायला लावला. प्रोग्राम मध्येच थांबवला आणि आत काय आहे ते पाहिलं, तर तारखा नीट आणि नावं सगळी मोडकी. कुठे चौकटी, कुठे अर्धी अक्षरं, कुठे नुसत्या रेघोट्या. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बहिणीचा वारसा चालवतेय." मग हळूच म्हणाले, हे निस्तरलं नाहीस तर जिथून ती गेली तोच दरवाजा तुलाही आहे.

मला यातलं फार कळत नाही. तुझ्या प्रोग्रामच्या पोटात काय आहे ते तुझ्याखेरीज कोणाला माहीत? रागव हवं तर, पण सांग. ही नोकरी गेली तर आईला तोंड कसं दाखवू मला कळत नाही.

तुझी,
छोटी


११ फेब्रुवारी

छोटे,

फोन उचलत नाही कारण फोनवर माझा आवाज चढतो आणि मावशी तिकडे तुझ्या शेजारच्या खोलीत असते. कागदावर मी जरा बरी बाई वाटते.

आधी तो दिवस ऐक. आजवर तू तो दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला असशील. एका शाळेचा दगड होता. संस्थापकाचं नाव दगडावर मोडकं उमटलं. महाराजांनी (तुमचे साहेब. हे नाव मी ठेवलंय आणि ते त्याला शोभतं) आम्हा सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. मालकीणबाई समोर बसल्या होत्या. त्यांना डीबगर म्हणजे काय ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने फार गोड आवाजात समजावलं, की ही एक खिडकी आहे, चालता प्रोग्राम थांबवायचा आणि हिच्यातून त्याच्या पोटात डोकवायचं. मग त्याने खिडकी उघडली. आत सगळी नावं मोडकी, फक्त संस्थापकाचं तेवढं नीट. तो म्हणाला, "हे एक नाव मी स्वतः भरलं, म्हणून शाबूत आहे. बाकी आतून सडलंय. आणि माझं नीट नाव हिच्या प्रोग्रामने दगडापर्यंत नेताना मोडलं."

मी तोंड उघडायच्या आत मालकीणबाईंनी चष्मा काढून ठेवला होता. त्या चष्मा काढतात तेव्हा निकाल लागलेला असतो. वर महाराज म्हणाला, माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दगडाच्या धंद्यात राहून माणसाला दुसरी म्हण सुचू नये याचंच मला जास्त वाईट वाटलं.

खाली काका उभे होते. तुझे बाबा त्या दिवशी कारखान्यातून लवकर सुटले होते आणि मला घ्यायला आले होते. त्यांनी माझं खोकं उचललं, थांब्यापर्यंत आणलं, आणि काय झालं म्हणून विचारलं नाही. एवढंच म्हणाले, पाय सांभाळ, फरशी ओली आहे.

आता मी किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत बसते आणि लिफ्टने काय बोलायचं ते लिहिते. "दार बंद होत आहे." हे माझं साहित्य. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसा माझा पीळ मी जपून ठेवलाय. तो कोणासाठी आहे ते तू ओळखलं असशील.

तू मदत मागितलीस, ती करीन. आधी मला कळव, त्या खिडकीत अक्षरांची कुठली नेमणूक केलेली आहे. आणि महाराज अजूनही मोडकं दिसलेलं नाव खिडकीतूनच हाताने दुरुस्त करतो का? त्याच्याबद्दल जेवढं सांगता येईल तेवढं सांग.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

तुझं अक्षर पाकिटावर पाहून आईने पाकीट आधी छातीशी धरलं आणि मग मला दिलं. बाबांनी तुझं खोकं उचललं होतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. घरी येऊन ते एवढंच म्हणाले होते की ताईला बसवून आलो.

तू विचारलंस ते बघितलं. मला समजलं ते असं. प्रत्येक अक्षराचा एक आकडा असतो, आणि कुठल्या अक्षराला कुठला आकडा ते सांगणारा एक तक्ता असतो. असे तक्ते निरनिराळे आहेत, काही जुने, काही नवे. डीबगरमध्ये दोन तक्ते नेमायची सोय आहे, एक आपल्या पडद्याचा आणि एक आतल्या प्रोग्रामचा. खिडकी आतले आकडे वाचते, एका तक्त्यातून दुसऱ्यात बदलते आणि मग आपल्याला अक्षरं दाखवते. बरोबर ना? तर पडद्यापुढे नव्या तक्त्याचं नाव आहे. प्रोग्रामपुढे नुसतं "आपोआप" लिहिलंय. मी चुकत असेन, पण मला वाटलं की गोम तिथेच आहे. तो बदलून बघू का?

साहेब अजून तसेच आहेत. मोडकं दिसलं की बाही वर करतात, खिडकीतच नीट नाव टाइप करतात, पडद्यावर ते नीट दिसलं की "झालं" म्हणून उठतात. दगड बघायला खाली कधी जात नाहीत, धूळ बसते म्हणून. या कामाचा मोठा समारंभ आहे. शेवटची लादी पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत कोरायची, आणि बटण साहेब दाबणार. त्यासाठी नवा कोट शिवायला टाकलाय, आणि त्याचं कापड सगळ्या टेबलांवर फिरवून दाखवून झालंय.

लवकर लिही.

छोटी


१९ फेब्रुवारी

छोटे,

चांगलं समजावून लिहिलंस. काकांची मुलगी शोभतेस.

पण "आपोआप" आहे ते आपोआपच राहू दे. त्याला हात लावू नकोस. तुझ्या प्रश्नाला उपाय सोपा आहे. मोडकी दिसणारी सगळी नावं खिडकीतूनच पुन्हा टाइप करायची. जमलं तर महाराजाकडूनच करून घे. त्याला म्हण, साहेब, तुमच्या हाताला यश आहे. एवढं म्हटलं की तो गोवऱ्याही थापून देईल. सगळी नावं झाली की खिडकी लख्ख होईल, मग सगळं तसंच जतन करून ठेव. तुझी नोकरी वाचेल. वेगळ्या तुकड्यावर चाचणी कोरून बघण्यात दगड वाया घालवू नका, महाराजाला ते आवडत नाही.

नावं कोणाची ते सांगू नकोस, मी ओळखलंय. नव्या नाट्यगृहाच्या देणगीदारांची भिंत तुमच्याकडे आली आहे असं पेपरात होतं. आपलं नाव दगडात बघायची ज्यांना इतकी घाई आहे, ती माणसं समारंभाला सहकुटुंब येतील. महाराज नवा कोट घालून बटण दाबेल. मला ते डोळ्यांसमोर दिसतंय आणि बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागतंय.

मावशीला सांग, मी बरी आहे.

ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

झालं. तू म्हणालीस तसंच झालं. साहेबांच्या हाताला यश आहे म्हटल्यावर ते दोन दुपारी खुर्चीवरून हलले नाहीत. एकेक नाव स्वतः टाइप केलं. आता खिडकी उघडली की सगळी नावं स्वच्छ. त्यांनी मला पाठीवर थोपटलं आणि वर म्हणाले, "तुझ्या बहिणीला एवढं साधं कळलं असतं तर आज ती इथे असती." माझ्या ओठांवर आलं होतं की तिनेच सांगितलंय. गिळलं.

आता एक गोष्ट, जी मी तुझ्यापासून लपवून ठेवली होती. मालकीणबाईंनी सहीतून मोकळं केलं, म्हणून आज लिहिता येतंय. ती नाट्यगृहाची भिंत नाही गं. ते काम दुसऱ्याच कोणाकडे गेलं. हे बाबांच्या कारखान्याच्या आगीचं स्मारक आहे. त्या दिवशी जे भट्टीपाशी होते त्या सगळ्यांची नावं. बाबांचं नाव शेवटच्या लादीवर आहे, तीच पाहुण्यांसमोर कोरायची आहे. मी मुद्दाम तशी मागणी केली आणि मालकीणबाई हो म्हणाल्या.

बाबांचं नाव तुझ्या प्रोग्रामने कोरलं जाणार हे मी तुला समारंभाच्या आदल्या दिवशी सांगणार होते. मग राहवलं नाही. एक दिवस तरी तू त्या कंपनीचं नाव काढून रागावू नयेस असं मला वाटत होतं. आई पहिल्या रांगेत बसणार आहे. तिला कडा लागू नयेत म्हणून लादीच्या बाजू घासून गोल करायला सांगितल्या आहेत, कारण ती हात फिरवल्याशिवाय राहायची नाही.

नऊ मार्चला समारंभ. पाचला पहिल्या लाद्या कोरायला घेणार. साहेबांनी मोठा पडदा मागवलाय, खिडकी त्यावर दाखवणार, म्हणजे एकेक नाव यंत्राकडे जाताना पाहुण्यांना दिसेल. उद्यापासून मी स्मारकाच्या जागी, यंत्र नेलंय तिथेच राहणार आहे. जागा टेकडीमागे आहे, फोन लागत नाही. तू येशील ना?

छोटी


२ मार्च

छोटे,

सकाळपासून फोन लावतेय. शेवटी आमच्या लिफ्टच्या मेकॅनिकला तुझ्या रस्त्याला लावलंय, हे पत्र तो तुझ्या हातात देईल. उभ्या उभ्या वाच आणि यंत्राला कोणी हात लावू देऊ नकोस.

ती नावं आत बरोबर नाहीत. मी तुला फसवलं.

तुझा प्रश्न बरोबर होता. गोम "आपोआप"मध्येच आहे. ते आपोआप म्हणजे खिडकी समजते की आतल्या प्रोग्रामचाही तक्ता नवाच आहे, पडद्याचा तोच. पण माझा प्रोग्राम जुना तक्ता वापरतो, कारण कोरणाऱ्या यंत्राला तोच कळतो. आतली नावं पहिल्यापासून बरोबर होती. खिडकी त्यांना चुकीच्या तक्त्याने वाचत होती, म्हणून ती मोडकी दिसत होती. तारखा नीट दिसत होत्या कारण आकड्यांच्या जागा दोन्ही तक्त्यांत एकच आहेत. मग महाराजाने खिडकीतून टाइप केलं. खिडकीने तेच नाव नव्या तक्त्याने आत लिहिलं आणि त्याच नव्या तक्त्याने परत वाचून दाखवलं. चूक लिहिलं, चूक वाचलं, दोन्ही चुका एकाच मापाच्या, म्हणून त्याच्या डोळ्यांना बरोबर. यंत्र मात्र जुन्याच तक्त्याने वाचणार आणि दगडावर चौकटी कोरणार. शाळेच्या दगडाचं हेच झालं होतं. संस्थापकाची पदवी त्याने शेवटच्या घटकेला खिडकीतून बदलली, आणि दगडावर तेवढंच एक नाव मोडलं. मला हे उमगलं तेव्हा मी लिफ्टवाल्यांकडे होते आणि माझं ऐकायला कोणी नव्हतं.

मला ते त्याच्यावर उलटवायचं होतं. श्रीमंतांची भिंत, नवा कोट, शेकडो पाहुणे आणि दगडभर चौकटी. त्या पायी तुला पुढे ढकललं हे खरं आहे, आणि मी ते नाकारत नाही. पण काकांचं नाव तिथे आहे हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून आता थांबव.

असं कर. सगळं बंद कर. नावांची मूळ यादी प्रोग्रामच्या स्वतःच्या दारातून पुन्हा आत घे, खिडकीतून नाही. म्हणजे प्रोग्राम स्वतः ती जुन्या तक्त्यात बसवेल. मग खिडकी उघडून बघ, सगळी नावं पुन्हा मोडकी दिसली पाहिजेत. मोडकी दिसली म्हणजे आत नीट आहेत. तिथेच थांब. खिडकी दुरुस्त करू नकोस. त्याला मोठ्या पडद्याची हौस आहे ना? दाखवू दे मोठ्या पडद्यावर. बटण दाबताच यंत्र त्या लादीची सगळी नावं एकदम घेतं, पडदा तीच नंतर एकेक करून दाखवतो. म्हणजे तेव्हा त्याच्या टाइप करण्याला काडीची किंमत राहत नाही. तो खिडकीत बघेल आणि तेच म्हणेल जे तेव्हा म्हणाला होता. म्हणू दे.

काकांचा दगड खरा कर. पण त्याला सोडू नकोस.

ताई


१४ मार्च

ताई,

तुला हवं ते आधी सांगते.

शेडमध्ये खुर्च्या भरल्या होत्या. साहेब नव्या कोटात आले, दोन शब्द बोलायला उठले आणि बराच वेळ बोलले. मग बटण दाबलं. यंत्र सुरू झालं, पाण्याचा फवारा उडायला लागला, आणि मोठ्या पडद्यावर नावं यायला लागली. चौकट, रेघोटी, अर्धं अक्षर. पाठीमागून कोणीतरी म्हणालं, हे काय? माझी आई पडद्याकडे बघत होती आणि तिला काही कळत नव्हतं. तेवढा वेळ फार वाईट गेला, तोही तुझ्या खात्यावर लिहून ठेवलाय.

साहेब पांढरे पडले. मग ओरडले, "बंद करा. आतून सडलंय." शब्द तेच, ताई. माझ्याकडे बोट करून म्हणाले, हिच्या बहिणीचा प्रोग्राम आहे, तिला याच कारणासाठी घालवली होती, रक्तच तसं आहे. यंत्रावरच्या कारागिराचा हात लाल बटणावर गेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी नको म्हणून मान हलवली, आणि त्याने हात खाली घेतला. साहेबांनी बाही वर करून टाइप करायला हात पुढे केला. तेव्हा मालकीणबाई उठल्या आणि म्हणाल्या, "थांबा. आधी दगड बघू."

कोरून झालं, यंत्र थांबलं. कारागिराने लादी धुतली. आई कोणाच्या परवानगीची वाट न बघता पुढे गेली आणि तिने बोट ठेवून बाबांचं नाव वाचलं. मोठ्याने. मग त्यांच्या खालचं वाचलं, मग त्याच्या खालचं. एकेका नावाला मागच्या रांगांतून एकेक घर उभं राहत गेलं. सगळी नावं नीट होती.

मालकीणबाईंनी विचारलं, "दगड तर बरोबर आहे. मग सडलंय ते कुठे?" साहेब म्हणाले, खिडकीत बघा ना. त्या म्हणाल्या, "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" मग मला म्हणाल्या, "त्या शाळेच्या दगडाच्या वेळी काय झालं होतं?" मी सांगितलं. त्या दगडावर एकच नाव मोडलं होतं आणि तेवढंच साहेबांनी खिडकीतून भरलं होतं. बाकीची नावं आजही त्या शाळेत जाऊन वाचता येतील. मालकीणबाईंनी चष्मा काढला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी आपलं खोकं स्वतःच उचललं. खाली कोणी घ्यायला आलेलं नव्हतं.

झालं तुझं. आता माझं.

मला तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच कळलं होतं. तू चाचणी नको म्हणालीस, पण बाबांचं नाव होतं, म्हणून मी एका तुटक्या तुकड्यावर तेवढंच एक नाव कोरून घेतलं, आईला घरी ठेवायला होईल म्हणून. तुकडा धुतला आणि हातात घेतला. चौकटी होत्या. माझ्या बापाच्या जागी चौकटी. तेव्हा "आपोआपला हात लावू नकोस" हे वाक्य आठवलं आणि मी तिथेच धुळीत बसले. तुझा मेकॅनिक आला तेव्हा मी बसलेलीच होते.

तू लिहिलंस, काकांचं नाव आहे हे ठाऊक नव्हतं, म्हणून आता थांबव. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणजे दुसऱ्या कोणाच्या बापाचं असतं तर चाललं असतं. आणि ती देणगीदारांची भिंत असती, मोडली असती, तर त्या मोठ्या खोलीत सगळ्यांसमोर कोणाला उभं केलं असतं? मलाच ना? तुझ्याच खुर्चीवरून मला उठवलं असतं, आणि माझं खोकं उचलायला आता बाबाही नाहीत. मी हात जोडून मदत मागितली होती. तू मला दगड समजून फेकलंस, त्याला लागावा म्हणून.

खिडकी मोडकी ठेव असं सांगितलंस ते मी ऐकलं, कारण त्या माणसाचं मलाही देणं होतं. तुझं अजून बाकी होतं.

समारंभ आटोपल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, ज्या मुलीवर अन्याय झाला तिचं नाव या दगडाच्या पायाशी घाला, हा प्रोग्राम तिने लिहिला असं लोकांना कळू दे. एवढं म्हणून त्या गाडीत बसल्या. काम माझ्यावर आलं. तुझं नाव, ताई, काळ्या दगडावर, बाबांच्या नावाखाली. याच्यापेक्षा तुला आणखी काय हवं होतं?

मी खिडकी उघडली. "आपोआप"ला हात लावला नाही. तुझं नाव खिडकीतूनच टाइप केलं, एकेक अक्षर, नीट बघून. खिडकीत सगळं बरोबर होतं. मग मी बटण दाबलं.

छोटी


३० मार्च

छोटे,

तुझं पत्र आल्यावर त्यातला महाराजाचा भाग मी आधी वाचला, आणि खोटं कशाला बोलू, फार मजा आली. खोक्याचं वाक्य तर मी किल्लीवाल्यालाही वाचून दाखवलं. नंतर पुढचा भाग वाचला. तो कोणाला दाखवला नाही.

काल मावशीला घेऊन टेकडीमागे गेले. तुला कळवलं नाही, कळवलं असतं तरी तू आली नसतीस. ऊन होतं, दगड तापला होता, तरी मावशी हात काढेना. काकांचं नाव फार सुंदर आलंय. माझ्या प्रोग्रामने आजवर इतकं नीट काही कोरलं नव्हतं. मी रडले, ते मावशीला वाटलं काकांसाठी, आणि बऱ्याच अंशी ते खरंही होतं.

मग खाली बघितलं. तू म्हणालीस तसंच आहे. दोन चौकटी, एक उलटी खूण, मग रेघोट्या, मग आणखी एक चौकट. खोल कोरलंय, काम पक्कं आहे. दगडावरचं पुसून निघायचं नाही आणि मी मालकीणबाईंना लादी बदला म्हणणार नाही, कारण वर काका आहेत. हे तुला बटण दाबायच्या आधीच ठाऊक होतं. इतकं नेमकं मलाही महाराजाला मारता आलं नव्हतं. तुझ्यावर रागवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, प्रवासभर केला, पण शब्द सापडेना. तू मागितलीस मदत आणि मी दिला सापळा. एवढं लिहिते, यापुढे लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

निघताना मावशीने आपल्या रुमालाने सगळी लादी पुसली. वरून खाली, एकेक नाव. शेवटच्या ओळीपाशी थांबली आणि म्हणाली, "खाली नक्षी काढलीय बघ कोणीतरी. जरा वाकडी आहे, पण बरी दिसते." मी म्हटलं, हो मावशी, बरी आहे.

मग ती इकडेतिकडे बघायला लागली. म्हणाली, "तुझं नाव कुठे आहे गं? छोटी म्हणत होती घातलंय."

मी म्हटलं, असेल कुठेतरी. तिचं बोट त्या नक्षीवरच होतं.

ताई